फाट्यावरची सायकल

आमच्या परभणी जिल्ह्यात मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ‘मानवत रोड’ नावाचे एक स्टेशन आहे. नावातला हा ‘रोड’ शब्द मोठा प्रामाणिक आहे. इथे उतरलात म्हणजे मानवतला पोहोचलात असे समजू नका, गावाकडे जाणारा रस्ता तेवढा इथे सापडेल, असे रेल्वेने पाटीवरच लिहून ठेवले आहे. निजामाच्या अमदानीत, १९०० सालच्या सुमारास ही लाईन पडली, तेव्हापासून गाव आणि गाडी यांच्यामधले हे अंतर आमच्या वाट्याला आले आहे. जिंतूर आणि पाथरी ही तर तालुक्याची गावे, पण तिथे आजही रेल्वे नाही. एसटी आहे, पण तीही प्रत्येक गावाच्या वेशीपर्यंत येतेच असे नाही. ती फाट्यावर थांबते, चार माणसे घेते आणि निघून जाते.

फाटा ते घर हे दोन-चार किलोमीटरचे अंतर कोणत्याच वेळापत्रकात नसते. त्याचे तिकीट फाटत नाही आणि त्याची सवलतही मिळत नाही. ते अंतर तोडते ती सायकल. मोटारसायकली घरोघर झाल्या हे खरे, पण त्या घरातल्या कर्त्या पुरुषाच्या. विद्यार्थ्याच्या, विशेषतः मुलीच्या वाट्याला अजून सायकलच येते.

सकाळी साडेसहा-सातला जिल्ह्यातल्या कोणत्याही फाट्यावर उभे राहून पाहा. लिंबाच्या झाडाला, विजेच्या खांबाला, बंद टपरीच्या फळीला टेकवून पाच-दहा सायकली लागलेल्या दिसतील. कुणाच्या कॅरिअरला सुतळी, कुणाच्या हँडलला रिकामी पिशवी. मागच्या चाकाचे गोल कुलूप खटकन लावायचे, किल्ली दप्तरात टाकायची आणि एसटीकडे धावायचे. पुढचे आठ-दहा तास ती सायकल तिथे एकटी. ऊन तिचे, पाऊस तिचा आणि येणारा-जाणाराही तिचाच.

आजचा विषय आहे तो या आठ-दहा तासांचा.

माझ्या ओळखीच्या एका घरातली मुलगी गावच्या शाळेतून दहावी झाली आणि अकरावीला परभणीला जाऊ लागली. आठवीत असताना तिला सरकारी योजनेतून सायकल मिळाली होती. तीच आता फाट्यापर्यंत उपयोगी पडे. साडेतीन किलोमीटर जाताना, साडेतीन येताना. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, बाजाराच्या दिवशी, ती संध्याकाळी फाट्यावर उतरली तर सायकल नव्हती. झाडाखाली चाकाच्या ओल्या खुणा तेवढ्या होत्या. पंधराएक दिवस ती चालत गेली. पुढे दिवस लहान झाला. साडेसहाची गाडी येईपर्यंत अंधार पडू लागला, म्हणून वडील बॅटरी घेऊन फाट्यावर जाऊन बसत. मग सोयाबीनची काढणी लागली आणि त्यांनाही रोज जमेना. मुलीचे कॉलेज आठवड्यातून तीन दिवसांवर आले. मी समजावायला गेलो तेव्हा वडील म्हणाले, “बस फुकट हाय सर, पण बसपर्यंत जायचं कसं?”

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तो माणूस मुलीच्या शिक्षणाच्या विरोधात नव्हता. सरकारही नव्हते. २०११ साली राज्याने मानव विकास कार्यक्रम मागास तालुक्यांमध्ये विस्तारला, त्यात आपला परभणी जिल्हाही आला. आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली आणि लांबच्या मुलींसाठी एसटीच्या खास गाड्या, हा त्या कार्यक्रमाचा गाभा. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. मार्च २०२३ पासून तर सगळ्याच महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. म्हणजे सायकल दिली, गाडीही दिली. पण सायकलवरून उतरून गाडीत चढण्याच्या जागी सायकल ठेवायची कुठे, हे कुणी पाहिले नाही. दोन्ही कापडे चांगली आणून शिवण घालायचीच राहावी, तसे हे झाले आहे.

सायकल चोरीला जाणे ही तशी क्षुल्लक गोष्ट मानली जाते. वर्तमानपत्रात तिची बातमी होत नाही. पण गरिबाच्या घरी सायकल म्हणजे काय हे जगाला एका सिनेमाने दाखवले. इटलीच्या व्हित्तोरिओ द सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्‌ज’ हा १९४८ सालचा चित्रपट. युद्धानंतरच्या रोममध्ये भिंतीवर जाहिराती चिकटवण्याची नोकरी एका बेकाराला मिळते, पण अट अशी की स्वतःची सायकल पाहिजे. गहाण पडलेली सायकल सोडवायला त्याची बायको घरातल्या चादरी गहाण टाकते आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ती सायकल चोरीला जाते. १९५२ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात हा चित्रपट दाखवला गेला आणि आपल्याकडच्या दिग्दर्शकांनाही त्याने हलवून सोडले. आपल्या मराठीतही २०१८ साली ‘सायकल’ नावाचा चित्रपट येऊन गेला. त्यातल्या कोकणातल्या ज्योतिषीबुवांचीही सायकलच चोरीला जाते. रोम काय, कोकण काय आणि आमचा फाटा काय, ज्याची जाते त्याचे सायकलीबरोबर आणखीही पुष्कळ काही जाते.

मला हे कळायला स्वतःची सायकल घालवावी लागली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मीटरगेजचा जमाना. नोकरीसाठी रोज रेल्वेने जावे लागे. घरून स्टेशनापर्यंत सायकल आणि पुढे पॅसेंजर, असा क्रम. सायकल वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढून घेतलेली, काळी, भक्कम, दुहेरी दांड्याची. स्टेशनाजवळ पत्र्याच्या शेडचा सायकल स्टँड होता. स्टँडवाला पोरगा एक टिनचा बिल्ला हँडलला अडकवी आणि त्याच नंबरचा दुसरा आपल्या हातात देई. दिवसाचे चार आणे. काही महिने मी ते दिले आणि मग एक दिवस शहाणपण सुचले. कुलूप आपले मजबूत आहे, तारेच्या कुंपणाला सायकल टेकवली तर काय बिघडते? महिन्याचे सहा-सात रुपये वाचतील. दोन महिने वाचले. तिसऱ्या महिन्यात सायकल गेली.

तक्रार द्यायला गेलो तेव्हा हवालदारांनी तीन प्रश्न विचारले. सायकलीचा नंबर काय? खरेदीची पावती आहे का? इतर दहा काळ्या सायकलींतून तुमची कशी ओळखाल? तिन्हींची उत्तरे मला देता आली नाहीत. सात वर्षे जी रोज वापरली, पुसली, तेलपाणी केली, तिला अंगावर कोरलेला नंबर असतो हेच मला माहीत नव्हते. माझी सायकल आणि दुसऱ्याची सायकल यांत कागदावर काडीचाही फरक नव्हता. वडील काही बोलले नाहीत. कर्जाचे तीन हप्ते तेवढे बाकी होते, ते त्यांनी फेडले.

त्या दिवशी लक्षात आले ते इतकेच की मी कुलपाला राखणदार समजत होतो. मागच्या चाकाचे गोल कुलूप सायकल चालवू देत नाही, पण उचलून टेम्पोत टाकण्याला त्याची हरकत नसते. सायकल वाचते ती दोन गोष्टींनी. एक, ती आपली आहे हे दाखवणारा पुरावा आणि दुसरी, ती आपल्या ताब्यात होती असे मान्य करणारा माणूस. चार आण्यांत मला त्या पोरग्याची नजर मिळत होती. त्याने दिलेला टिनचा तुकडा म्हणजे ‘ही माझ्याकडे आहे, मी जबाबदार’ असे त्याचे लेखी वचन होते. मी ते वचन सहा-सात रुपयांना विकून टाकले.

हेच तत्त्व रेल्वेच्या कायद्यातही आहे, हे पुढे वाचनात आले. सायकल गाडीतून न्यायची असेल तर बहुतेक लोक ती दाराजवळ उभी करतात, नाही तर संडासाच्या कोपऱ्यात बांधून ठेवतात आणि डोळा ठेवून बसतात. डुलकी लागली की संपले. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे शंभरावे कलम सांगते, की रेल्वेच्या कर्मचाऱ्याने सामान बुक करून पावती दिली असेल तरच त्याच्या हानीची जबाबदारी रेल्वेवर येते. प्रवाशाने स्वतःजवळ ठेवलेले सामान गेले, तर रेल्वेचा किंवा तिच्या नोकराचा हलगर्जीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध करावे लागते. डब्यात झोपलेल्या माणसाने ते कसे सिद्ध करावे?

म्हणून सायकल न्यायचीच असेल तर रीतसर न्यावी. प्रवाशाला जे ठरावीक वजनाचे सामान मोफत नेता येते त्यात सायकल धरत नाहीत, तिचे वेगळे पैसे पडतात. गाडी सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी सायकल लगेज किंवा पार्सल ऑफिसात न्यावी लागते. तिथून ती ब्रेकव्हॅनमध्ये जाते. सगळ्याच गाड्यांना आणि जिथे गाडी जेमतेम थांबते अशा सगळ्याच स्टेशनांवर ही सोय मिळेल असे नाही, तेव्हा आदल्या दिवशी विचारून ठेवलेले बरे. घंटी, पंप, दिवा असे सुटे होणारे जिन्नस काढून पिशवीत घ्यावेत. पुढचे चाक दांड्याला सुतळीने बांधावे. नाव, पत्ता आणि उतरण्याचे स्टेशन लिहिलेले पुठ्ठ्याचे लेबल दोन ठिकाणी लावावे, एक सुटले तर दुसरे राहते. आणि उतरल्यावर चहा प्यायला न जाता तडक ब्रेकव्हॅनकडे जावे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बुक करताना सामानाची किंमत जाहीर केली नाही आणि त्यावरचा जादा आकार भरला नाही, तर सामान हरवल्यास रेल्वेची भरपाई किलोमागे १०० रुपयांपर्यंतच असते. साधी सायकल वीस किलोच्या आतबाहेर भरते. म्हणजे दोनेक हजार रुपये. नवी सायकल असेल तर किंमत जाहीर करणे शहाणपणाचे.

एसटीच्या टपावर सायकल टाकून नेण्याचा काळ आता बहुतेक सरला. मागच्या शिडीवरून सायकल चढवायची, कंडक्टरकडून तिचे लगेज तिकीट फाडून घ्यायचे आणि प्रत्येक थांब्यावर खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहायचे, हे दृश्य माझ्या पिढीने पाहिले आहे. आता टपाची शिडीच सहसा दिसत नाही. नागपूरच्या मेट्रोत प्रवाशाला सायकल डब्यात नेता येते, ही चांगली गोष्ट आहे. पण आमच्याकडे सायकल गाडीबरोबर जाणारी नाही, गाडीसाठी थांबणारी आहे. म्हणून प्रश्न उरतो तो थांबण्याच्या जागेचा.

जगात इतरत्र याचा विचार कसा झाला ते पाहण्यासारखे आहे. हॉलंडमध्ये युट्रेख्ट शहराच्या रेल्वे स्टेशनाखाली १२,५०० सायकली मावतील असे तीन मजली वाहनतळ २०१९ साली पूर्ण झाले. पहिले चोवीस तास तिथे काही पैसे पडत नाहीत. जपानमध्ये १९९४ पासून प्रत्येक सायकलीची नोंदणी बंधनकारक आहे. दांड्यावर एक नंबराची चकती चिकटवतात आणि तो नंबर कुणाचा हे पोलिसांच्या दप्तरी असते. आपल्याकडे हे नवे नाही. महाराष्ट्रातल्या अनेक नगरपालिका एके काळी सायकलवर कर घेत आणि पत्र्याचा बिल्ला देत. बिल्ला नसला तर दंड होई, म्हणून लोक कुरकुरत. कर गेला हे उत्तम झाले, पण त्याबरोबर सायकलीची नोंदही गेली. आज मोटारसायकलीला नंबर आहे, म्हशीच्या कानातही बिल्ला आहे. सायकल मात्र निनावी.

युट्रेख्टचे वाहनतळ आपल्याला झेपणारे नाही आणि त्याची गरजही नाही. त्यामागचा विचार मात्र घेण्यासारखा आहे. सायकल ठेवण्याची जागा हा प्रवासाचाच भाग आहे, प्रवाशाची खासगी अडचण नव्हे, असे त्यांनी मानले आहे.

आमच्या फाट्याला काय लागेल? झाडाची किंवा पत्र्याची सावली, कारण परभणीच्या मे महिन्यात उन्हात उभ्या सायकलीचे टायर-ट्यूब टिकत नाहीत. जमिनीत पक्का रोवलेला आडवा लोखंडी पाइप, ज्याला साखळीने चाक आणि दांडा दोन्ही बांधता येतील. एक वही. आणि वहीशेजारी बसणारे माणूस. पहिल्या दोन गोष्टी एखाद्या ग्रामपंचायतीला सहज जमतील. माणसाचे काय? ते फाट्यावर बहुधा असतेच. चहाचे हॉटेल, पंक्चरचे दुकान, किराणा टपरी. त्यांच्याकडे बचत गटामार्फत किंवा पंचायतीमार्फत हे काम सोपवता येईल. मोबदला पंचायतीने द्यावा. ज्या मुलीला एसटी मोफत केली तिच्याकडून सायकलीचे रोजचे दोन-पाच रुपये घेणे बरोबर नाही. माझे सहा-सात रुपये मी वाचवले, ती माझी चूक होती. तिला ते वाचवावेच लागतील.

पालकांनीही काही गोष्टी आजच कराव्यात. त्यांना पैसा लागत नाही. सायकल उलटी करा. पॅडलच्या आसाखाली, नाही तर सीटखालच्या नळीवर नंबर कोरलेला असतो. चिखल खरवडून तो वाचा आणि वहीत लिहा. त्याचा आणि पूर्ण सायकलीचा मोबाइलवर फोटो काढा. पावती जपून ठेवा. योजनेतून मिळालेली सायकल असेल तर शाळेतून तसा कागद मागून घ्या. दांड्यावर कुठे तरी आपली एक बारीक खूण करून ठेवा, जी फक्त आपल्यालाच माहीत असेल.

कुणी म्हणेल, एवढे करूनही चोरी झाली तर कायदा काय करणार? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३०३ व्या कलमाखाली चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, गुन्हा पहिल्यांदा सिद्ध झाला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा आहे. मानव विकास कार्यक्रमात सायकलीसाठी मिळणारी रक्कम २०२२ साली साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाली. वर्ष-दोन वर्षे वापरलेली सायकल त्याहून स्वस्तच धरली जाणार. या तरतुदीबद्दल माझी तक्रार नाही. एखाद्या पोराने पहिल्यांदा वाकडे पाऊल टाकले तर तुरुंगात सडण्यापेक्षा त्याने सायकल परत करावी आणि गावाचे काम करावे, यात शहाणपणच आहे. पण परत करायची तर ती कुणाची, हे ठरले पाहिजे. म्हणजे पुन्हा हवालदारांचे तेच तीन प्रश्न.

त्या मुलीचे काय झाले, हे सांगायचे राहिले. तिची सायकल मिळाली नाही. दिवाळीनंतर तिच्या मामाने एक जुनी सायकल आणून दिली. पण पुन्हा झाडाखाली लावायला तिचे मन होईना. फाट्यावर चहाचे छोटे हॉटेल चालवणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांनी हॉटेलमागची सरपणाची जागा मोकळी केली आणि म्हणाल्या, “हितं लाव. मी असते दिवे लागेपर्यंत.” आज तिथे सात सायकली लागतात. त्यांतल्या पाच मुलींच्या आहेत. मावशींना लिहिता येत नाही, म्हणून त्या मुलींनीच एका वहीत सातही नंबर लिहून दिले आहेत. ती वही साखरेच्या डब्यावर असते. मावशी पैसे घेत नाहीत. पण त्या आजारी पडल्या, लेकीकडे गेल्या, की हॉटेल बंद असते, आणि त्या दिवशी त्या सातांपैकी तीन-चार पोरी कॉलेजला जात नाहीत.

एका बाईच्या चांगुलपणावर सात जणांचे शिक्षण टेकलेले आहे. तो चांगुलपणा मोठा आहे, पण त्याच्यावर इतका भार टाकणे बरे नाही. पुढच्या ग्रामसभेत रस्ते, गटारी आणि दिव्यांचे विषय निघतील तेव्हा आपल्या गावच्या फाट्याचाही विषय कुणी तरी काढावा. एक पाइप, चार पत्रे, एक वही आणि मावशींना महिन्याचे मानधन. मागणी एवढीच आहे.